एकशे चौदावी कोनशिला

“मॅडम, गोदामात माणूस उभा हाय,” मुकादम ओरडला, “आणि हलून नाही राहिला!”

मी हातातला नकाशा गुंडाळून धावले. सिमेंटच्या गोदामाचे तीन बाजूंचे पत्रे उतरवून झाले होते. पोत्यांची शेवटची थप्पी मजुरांनी बाजूला केली, तेव्हा धुळीतून एक छातीइतक्या उंचीची आकृती दिसू लागली. तिच्या खांद्यावर कुणाची तरी लुंगी वाळत घातली होती. मुकादमाने काठीने लुंगी उचलली. आत गिलावा केलेला विटांचा खांब होता आणि त्यावर तिरपी बसवलेली संगमरवरी पाटी.

‘राष्ट्रीय कलासंग्रहालय या इमारतीची कोनशिला माननीय नामदार बापूसाहेब उमाळे यांच्या शुभहस्ते बसविण्यात आली.’ खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

मी पायांकडे पाहिलं, मग चारी भिंतींकडे. मग टेप मागवली आणि मोजलं. व्हायचं तेच झालं होतं. कोनशिला चौकाच्या बरोब्बर मध्यावर होती, एक वीतभर इकडे नाही की तिकडे नाही.

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यातली गोष्ट. नागपुरात शहराबाहेरच्या टेकडीखाली राष्ट्रीय कलासंग्रहालयाची इमारत उभी राहत होती आणि मी तिथे साइटवरची आर्किटेक्ट होते. वय सव्वीस. इमारतीचे खरे आर्किटेक्ट मुंबईचे कारखानीस सर. महिन्यातून एकदा ते विमानाने येत, भिंतीवरून हात फिरवत, फोटो काढून घेत आणि परत जात. बाकीचे एकोणतीस दिवस शिव्या खायला मी होते.

सात दालनं होती. त्यांच्या मध्ये ऐंशी फूट लांब, ऐंशी फूट रुंद चौक. वर आकाश, पूर्वेला टेकडी दिसेल एवढी एक उंच फट, आणि चौकात काहीही नाही. पुतळा नाही, कुंडी नाही, बाक नाही. सगळी इमारत त्या ‘काही नाही’भोवती बांधली होती.

आणि ते काही नाही माझं होतं. सरांच्या ऑफिसात मी नवी असताना या कामाची चर्चा चालली होती. त्याच सुमारास माझी आई मुंबईला आली होती म्हणून तिला एक चित्रप्रदर्शन दाखवायला नेलं. तिसऱ्या दालनात ती भिंतीकडे पाठ करून खिडकीबाहेरच्या पत्र्याकडे बघत बसली. म्हणाली, “आता पुरे व, डोळे भरले.” दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हणाले, की सर, माणसाला मध्येच काही न बघायची जागा द्यायला हवी. सर “हं” म्हणाले. दोन दिवसांनी त्यांनी जाड पेन्सिलीने कागदाच्या मधोमध एक चौकोन काढला आणि ऑफिसला सांगितलं, “काल रात्री मला हे दिसलं.” नकाशाच्या कोपऱ्यात ‘संकल्पना’ या शब्दापुढे त्यांचं नाव लागलं. मोठ्या ऑफिसात असंच असतं, वाईट काय वाटायचं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. वाईट वाटलं होतं. चांगलंच वाटलं होतं.

पण चौक उभा राहत होता ना, मग झालं, असं म्हणून मी नागपूरला आले होते. आणि आता त्या चौकाच्या पोटात हा दगड.

सार्वजनिक बांधकाम खात्याचे कार्यकारी अभियंता वांढरे अर्ध्या तासात हजर झाले. गृहस्थ तसा सज्जन, पण कागदाला घाबरायचा. त्यांनी कोनशिला वाचली आणि आधी चपला काढल्या.

“वांढरेसाहेब, तुमच्या मोजणीच्या नकाशात इथे बारीक चौकोन आहे आणि बाजूला ‘खांब’ लिहिलंय. आम्ही विजेचा खांब समजलो. काढून टाकणार असाल असं वाटलं.”

“खांबच आहे नं मॅडम. खांबावर पाटी आहे.”

“पण कोनशिला कोपऱ्यात बसवतात. मैदानाच्या मधोमध कोण बसवतं?”

“त्या दिवशी ऊन लय होतं,” वांढरे म्हणाले. “इथं एक झाड होतं. झाडाखाली मांडव टाकला. साहेब मांडवातून बाहेर यायले तयार नव्हते, मग मांडवातच बसवली.”

“आणि झाड?”

“ते वाळलं.”

ठेकेदाराच्या माणसांना आयता पक्का खांब मिळाला म्हणून त्यांनी त्याला टेकून गोदाम बांधलं होतं. दोन वर्षं तो दगड पोत्यांमागे सुखाने लुंग्या वाळवत होता आणि आम्ही त्याच्या भोवतीने राष्ट्राचं संग्रहालय बांधत होतो. सोमवारपासून चौकात फरशी बसवायची होती. तो दिवस होता बुधवार.

“आजच हलवू,” मी म्हणाले. “बाहेर फाटकापाशी लावू, चांगला ओटा बांधून.”

वांढऱ्यांनी कानांना हात लावले. “असं नाही चालत. ज्यांच्या शुभहस्ते बसली, त्यांच्या लेखी संमतीशिवाय मी हात नाही लावणार. बापूसाहेब आज पडलेले आहेत, पण पुढच्या निवडणुकीत आले, तर पहिला प्रश्न काय इचारतील? माझी कोनशिला कुठं आहे? आणि मी कुठं असणार? गडचिरोलीले.”

“मग काय करायचं?”

“मी विचार केला आहे,” वांढरे म्हणाले, आणि माझ्याच नकाशाच्या पाठीवर चित्र काढायला लागले. कोनशिलेवर चार खांबांची घुमटीवाली छत्री. छत्रीभोवती लोखंडी कठडा. कठड्याभोवती गोल कारंजं. “आणि पाण्यात दिवे. हिरवा, तांबडा, पिवळा, आळीपाळीनं. मधातली जागा तशीबी रिकामीच पडली होती.”

मी नकाशा त्यांच्यापाशीच सोडला. तडक साइट-ऑफिसातल्या फोनवर गेले आणि मुंबईला ट्रंक कॉल लावला. वाटलं होतं, सर ऐकताच कडाडतील. राजीनामा देईन म्हणतील, मंत्रालय हलवतील.

“अगं, मग राहू दे की,” सर म्हणाले.

“सर?”

“आपण तिला इनकॉर्पोरेट करू. छत्री वाईट नाही. जरा राजस्थानी टच येईल.”

“सर, कारंजं आहे. रंगीत दिव्यांचं.”

“दिवे पांढरे करून घे.”

“पण चौक रिकामा राहायला हवा ना सर. तीच तर कल्पना...”

“रिकामं म्हणजे अगदी शब्दशः रिकामं नसतं गं. तत्त्वतः रिकामं. तू फार ताणू नकोस, डिसेंबरात उद्घाटनाची तारीख आहे. आणि हो, परवाच्या फोटोंत पश्चिमेची भिंत चांगली आलीय, अजून दोन प्रती पाठव.”

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते, आणि त्याला नुसतं ऊन कारण नव्हतं. मी लूना काढली आणि भर दुपारी बापूसाहेब उमाळ्यांच्या घरी निघाले. शेहेचाळीस डिग्री तापमानात नागपुरात माणूस दोनच कारणांसाठी बाहेर पडतो, मयत किंवा मूर्खपणा. मी तोंडाला ओढणी गुंडाळली होती, त्यामुळे दार उघडणाऱ्या बाईंना आधी मी दरोडेखोर वाटले.

त्या बापूसाहेबांच्या पत्नी. आत खोलीभर कूलरचा आवाज आणि वाळ्याचा वास भरला होता. कूलरसमोर बनियनवर बसलेला सत्तरीतला माणूस पेपर वाचत होता. भिंतींवर एक इंच जागा उरली नव्हती. सगळ्या फोटोंत तेच गृहस्थ, तीच चांदीची थापी, तोच चुना, मागे वेगवेगळी माणसं टाळ्या वाजवताना.

“संग्रहालयातून आले,” मी म्हणाले.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. “अवो, ऐकलं का! सदरा आणा माझा! निमंत्रण आलं!”

“निमंत्रण नाही साहेब. एक परवानगी हवी होती.”

सदरा आला, त्यांनी तो घातला, गुंड्या लावल्या, आणि तोवर मी सगळं सांगून टाकलं. काकूंनी मला पन्ह्याचा पेला दिला. मी एका घोटात संपवला, त्यांनी न विचारता दुसरा भरला.

“बाई,” बापूसाहेब म्हणाले, “मी आयुष्यात एकशे चौदा कोनशिला बसवल्या. त्यातल्या इमारती किती झाल्या, माहीत आहे?”

“नऊ,” काकू आतूनच म्हणाल्या.

“साडेनऊ! कळमेश्वरच्या वसतिगृहाचं जोतं झालं होतं.” मग माझ्याकडे वळून, “ही एकशे चौदावी. हिच्यानंतर मी पडलो. म्हटलं, गेली हीबी. आणि आता तुम्ही सांगता, का इमारत झाली. माझ्या दगडावर खरीखुरी इमारत झाली, आणि दगडच उचलता म्हणता?”

“तो बरोबर मध्ये येतो साहेब.”

“येऊ द्या. तिथं काय बांधून राहिले तुम्ही?”

“काही नाही.”

“म्हणजे?”

“तिथं काहीच नाही बांधायचं. जागा रिकामी ठेवायची आहे.”

बापूसाहेबांनी कूलर बंद केला. त्यांना नीट ऐकायचं होतं. “परत सांगा.”

“रिकामी, साहेब.”

“अवो!” त्यांनी काकूंना हाक मारली. “इकडं या! ही बाई म्हणते, कोनशिला उचलू द्या, तिथं आमाले काहीच नाही बांधायचं! अरे बाप्पा, मग मी आयुष्यभर काय करून राहिलो होतो? एकशे चार जागा रिकाम्या ठेवल्या मी! मले तर कोणी आर्किटेक्ट म्हटलं नाही!”

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आवरेना, आणि पन्हं नाकात गेलं. बापूसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांना लागलं होतं. जरा वेळाने ते म्हणाले, “सही-बिही मी देत नाही. उद्या चार वाजता येतो. पाहू द्या मले तुमचं काही नाही.”

दुसऱ्या दिवशी ते ऑटोरिक्षाने आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, पायांत करकरणारे जोडे. वांढऱ्यांनी झेंडूचा हार आणून ठेवला होता आणि बगलेत फाइल. हार गळ्यात पडताच बापूसाहेब दोन इंच उंच झाले. ते थेट कोनशिलेपाशी गेले आणि आपलं नाव रुमालाने पुसलं. धूळ गेली, पण सिमेंटचा एक शिंतोडा ‘नामदार’वर घट्ट बसला होता. तो त्यांनी नखाने खरवडला.

वांढऱ्यांनी ती संधी साधली. फाइल उघडून छत्रीचं चित्र पुढे धरलं. आता ते खात्याच्या ड्राफ्ट्समनकडून नीट काढून, रंगवून आणलं होतं.

“वा!” बापूसाहेब म्हणाले. “कारंजं आहे का?”

“चौफेर, साहेब. रंगीत.”

“झकास.” त्यांनी चित्र वांढऱ्यांना परत दिलं. ते माझ्याकडे वळले. “आता तुमचं सांगा बाई. रिकामी काऊन ठेवता?”

रात्रभर मी त्याची तयारी केली होती. अवकाश, प्रकाश, विराम असे पुष्कळ शब्द गोळा केले होते, सर वापरतात तसे. त्यातला एकही तोंडात आला नाही.

“साहेब, म्हणजे... एका दालनात चाळीस चित्रं असतात. माणूस एक पाहतो, दुसरं पाहतो... मग ते... म्हणजे डोळे...” मी अडखळले. वांढरे खाली बघायला लागले. मला घाम फुटला आणि मग कॉलेजात गेल्यापासून घासूनपुसून ठेवलेली माझी भाषा सुटली, आणि घरची तोंडात आली. “डोळे खरकटे होतात नं साहेब! मग एकेचाळिसावं चित्र समोर असलं तरी त्याले दिसत नाही. जेवल्यावर आपण चूळ भरतो, का नाही? तशी डोळ्यानं चूळ भरायले जागा पाहिजे. माह्या मायले नाही पाहवलं तिसऱ्या दालनानंतर. ती पत्रा पाहत बसली होती. तिच्यासाठी हाय ही जागा. इथं कारंजं लावलं, तर तेबी पाहावंच लागते नं बाप्पा!”

मुकादमाने मान हलवली. बापूसाहेबांनी मात्र कुठलाच भाव दाखवला नाही.

“खुर्ची आणा,” ते म्हणाले.

पश्चिमेच्या भिंतीची सावली एव्हाना कोनशिलेपर्यंत पोचली होती. तिथे लोखंडी खुर्ची ठेवली. ते बसले. टेकडीकडच्या फटीतून वारा येत होता. फरशीखालचं काँक्रीट ओलं राहावं म्हणून आम्ही चौकात दिवसातून चारदा पाणी मारत असू, आणि त्या ओल्या काँक्रीटवरून वारा घरच्या कूलरसारखा गार होऊन यायचा. या गारव्यातलं निम्मं श्रेय काँक्रीटचं होतं, पण ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

बापूसाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. समोरच्या फटीतून टेकडी पाहिली. वर आकाश पाहिलं. एक घार फिरत होती, ती पाहिली. मग पाहायला काही उरलं नाही, आणि पाच मिनिटांत ते घोरायला लागले.

पुढचा सव्वा तास मी विसरणार नाही. माजी मंत्र्याला उठवायचं कुणी? वांढऱ्यांनी मुकादमाला खूण केली, मुकादमाने माझ्याकडे बोट दाखवलं. वांढरे कुजबुजले, “मिक्सर बंद करा.” मिक्सर बंद झाला. पाठोपाठ विटांची चढउतार बंद झाली. साठ मजूर भिंतीकडेने चपला हातात घेऊन चालत होते. एक बाई पोराला दटावत होती, की मंत्री झोपला हाय, रडू नको. वांढरे फाइल घेऊन हातभर अंतरावर उभे राहिले, न जाणो डोळे उघडतील आणि सही करतील. त्यांचे पाय दुखले तसे ते एका पायावर उभे राहिले, मग दुसऱ्यावर. मी भिंतीला टेकून मनातल्या मनात त्या चौकाचा निरोप घेत होते. कारण कारंजं त्यांना आवडलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पावणेसहाला त्यांनी डोळे उघडले. क्षणभर आपण कुठे आहोत हे त्यांना समजेना. मग टोपी घातली.

“आठ वर्षं झाली,” ते म्हणाले, “पडल्यापासून मले दिवसा झोप नाही लागली.”

वांढऱ्यांनी उचललेला पाय खाली टेकवला.

“बाई, मी एवढ्या जागा रिकाम्या ठेवल्या. पण अशी झोप एकाही जागी नसती लागली. आण रे ती फाइल.”

वांढऱ्यांच्या रंगीत छत्रीवर, बरोबर घुमटीच्या जागी, त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘दगड हलवावा.’ आणि खाली सही.

वांढरे तरी वांढरेच. म्हणाले, “साहेब, आपल्या हस्ते बसली, तर आपल्या हस्तेच...” मग धावपळ करून नारळ आणला गेला. मुकादमाने पहार हातात दिली. बापूसाहेबांनी सवयीने आधी कॅमेरा कुठे आहे ते पाहिलं, तो नव्हता, आणि खांबाच्या बुडाशी एक हलका घाव घातला. साठ मजुरांनी टाळ्या वाजवल्या. पाटी त्यांनी त्याच रिक्षातून घरी नेली. पुढे कधीतरी काकूंनी मला सांगितलं, की मोरीत कपडे आपटायला तो दगड फार छान आहे, अक्षरांची बाजू खाली केली की झालं.

मी सरांना फोन केला. चौक कसा वाचला ते सांगितलं, डोळ्यांच्या चुळीसकट.

“बघ!” सर म्हणाले. “मी म्हणत नव्हतो, काही झालं तरी चौक रिकामाच राहिला पाहिजे!”

उद्घाटन डिसेंबरचं जानेवारीत गेलं. चौकातच पाचशे खुर्च्या मांडल्या होत्या. प्रवेशद्वारी नवी पाटी बसली होती, नव्या मंत्र्यांची. तिच्यावर सरांचं नाव होतं, ठेकेदाराचं होतं आणि वांढऱ्यांचं सगळ्यांपेक्षा किंचित मोठं होतं. मी ती दोनदा वाचली. माणूस उगाच दोनदा वाचतो, पहिल्यांदा नसलेलं नाव दुसऱ्यांदा थोडंच येणार असतं.

पुढच्या रांगा राखीव होत्या. मी शेवटच्या रांगेत बसले. शेजारी येऊन बसले बापूसाहेब. त्यांना खात्याने बोलावलंच नव्हतं. मी माझ्या आईसाठी ठेवलेला पास त्यांना पाठवला होता, कारण आईने आधीच सांगितलं होतं, की पाहण्यासारखं काहीच नाही म्हणतेस, तर मी येऊन काय करू.

सर बोलायला उभे राहिले. रेशमी कुर्ता, खांद्यावर शाल. सर बोलतात ते खरोखर ऐकण्यासारखं असतं. एकही कागद हातात नव्हता.

“आपल्या पूर्वजांनी मंदिरात गाभाऱ्याआधी सभामंडप ठेवला,” ते म्हणाले. “मीही या वास्तूच्या हृदयात शून्य ठेवलं आहे. एका रात्री मला ते दिसलं. रूपाच्या दोन अनुभवांमध्ये हे आहे दृष्टीचं आचमन!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बापूसाहेब माझ्याकडे झुकले. “हे कशाले म्हणते तुमचा साहेब?”

“चुळीला,” मी म्हणाले.

ते परत मंचाकडे बघायला लागले. सर बोलतच होते, शून्य, पूर्ण, अवकाश. मी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होते. मला स्वतःचाच भयंकर राग येत होता. चौक वाचला होता, माणसं त्यात बसली होती, मग अजून काय हवं होतं मला? तेवढंही मला धड सांगता आलं नसतं.

“एकदाबी अडखळला नाही,” बापूसाहेब म्हणाले.

“सर छान बोलतात.”

“मीबी छान बोलत होतो.” आणि ते उठले.

मला वाटलं घरी निघाले. पण मुरलेला पुढारी आणि मोकळा माईक यांच्यामध्ये कुणी उभं राहू शकत नाही. सर खाली बसत होते तोवर बापूसाहेब मधल्या वाटेने मंचावर पोचलेही. निवेदिका गडबडली. नव्या मंत्र्यांना वाटलं वांढऱ्यांनी ठरवलं असेल, वांढऱ्यांना वाटलं मंत्र्यांनी.

“मले कोणी बोलावलं नाही,” बापूसाहेब माईकवर म्हणाले, “तरी मी बोलतो. सवय आहे.” लोक हसले. “एकशे चौदा दगडांवर माझं नाव होतं. त्यातल्या एकाही जागी मी वीट उचलली नाही. लोकांच्या धरणावर बोललो, लोकांच्या पुलावर बोललो. आत्ता तुमच्या साहेबाचं भाषण ऐकलं. लय झकास. एकदाबी अडखळले नाहीत. म्हणून मी ओळखलं. दुसऱ्याच्या कामावर माणूस असाच बोलते. चोराच्या वाटा चोराले ठाऊक.”

आता कुणी हसलं नाही. सर शालीचा काठ नीट करायला लागले.

“मे महिन्यात एक बाई भर उन्हात माझ्या दारी आली. काय मागत होती? हे काही नाही. ही जागा. का रिकामी ठेवता म्हटलं, तर तिले धड सांगता आलं नाही, रडवेली झाली. पण आली तीच. हे साहेब नाही आले. अरे, लेकरू हरवल्यावर दारोदार कोण फिरते? शेजारी फिरते का?” त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. “तर आज मी माझी एकशे पंधरावी कोनशिला बसवतो. दगड नाही, नुसतं नाव. हा चौक त्या बाईचा आहे, आणि तिचं नाव...”

ते थांबले. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग हात कपाळावर धरून शेवटच्या रांगेकडे बघत माईकवरच म्हणाले, “बाई, नाव काय वो तुमचं?”

पाचशे माना मागे वळल्या. दोन वर्षं मी त्या जागेवर होते. मुकादमासाठी आणि वांढऱ्यांसाठी मी मॅडम होते, सरांसाठी ‘अगं’, बापूसाहेबांसाठी बाई. कुणाला नावाची गरज पडली नव्हती आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या रांगेतून वांढरे उत्सुकतेने बघत होते. त्यांनाही खरंच माहीत नव्हतं. मंचावर सर आपल्या जोड्यांकडे बघत होते. त्यांना माहीत होतं.

समोरच्या खुर्चीची पाठ धरली. मी उठले, आणि काहीतरी पुटपुटले.

“ऐकू नाही आलं,” बापूसाहेब म्हणाले. “जोरात सांगा.”

“कुंदा,” मी म्हणाले. मग खुर्चीची पाठ सोडली, सरळ उभी राहिले आणि त्या भरलेल्या चौकात ओरडले, “कुंदा नथ्थुजी फुलझेले!”